डार्सीला कुणी फिट्झविल्यम का म्हणत नाही? जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतली आडनावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेन ऑस्टिन, ब्रॉन्टी बहिणी, डिकन्स, हार्डी यांची पुस्तकं पहिल्यांदा हातात घेणारे मराठी वाचक गोष्टीपाशी अडत नाहीत, नावांपाशी अडतात. एकाच पानावर एकाच बाईला तीन नावांनी हाक मारली जाते, सख्खे मित्र एकमेकांना आडनावानं बोलावतात, आणि नवऱ्याचं पहिलं नाव शेवटपर्यंत कळतच नाही. कॉलेजात इंग्रजी शिकवताना आणि नंतर घरी मित्रमैत्रिणींबरोबर ही पुस्तकं मोठ्यानं वाचताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. शीर्षकातला डार्सी हा ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा नायक, पूर्ण नाव फिट्झविल्यम डार्सी. नायिका एलिझाबेथ आणि तिच्या बेनेट बहिणी, डार्सीचा मित्र बिंगली, मावशी लेडी कॅथरीन ही सगळी त्याच कादंबरीतली माणसं. उत्तरांत कादंबऱ्यांचे शेवट येतात. ज्यांना आधी पुस्तक वाचायचं आहे त्यांनी ते वाचून इकडे यावं.

सगळे एकमेकांना आडनावानंच का हाक मारतात? पहिलं नाव घेण्यात एवढं काय होतं?

आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण आहे. समोरचा माणूस वयानं, मानानं कुठे आणि आपल्याला किती जवळचा, हे एका सर्वनामात आणि क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात सांगून होतं. इंग्रजीतही पूर्वी 'दाऊ' आणि 'यू' असा फरक होता, शेक्सपिअरच्या नाटकांत तो जागोजागी सापडतो. पुढे सुशिक्षितांच्या बोलण्यातून 'दाऊ' गेला आणि ऑस्टिनच्या काळापर्यंत आईला, मोलकरणीला, बिशपला, प्रियकराला सगळ्यांना एकच 'यू' उरला. सर्वनामाचं काम मग नावांवर येऊन पडलं.

मी विद्यार्थ्यांना एवढंच सांगते: 'मिस्टर डार्सी' हे आपलं 'तुम्ही' आहे. नुसतं 'डार्सी' हे दोन बरोबरीच्या पुरुषांमधलं 'अरे तू' आहे. आणि 'फिट्झविल्यम' हे घरातलं, रक्ताच्या नात्यातलं किंवा लग्न ठरलेल्या माणसाचं 'तू' आहे. हे एकदा मनात बसलं की अर्धी कादंबरी नावांतूनच कळायला लागते. कोण कुणाला कोणत्या नावानं हाक मारतं हे लेखिकेनं फार जपून ठरवलेलं असतं, आणि कुठे नाव बदललं तर तिथे काहीतरी घडलेलं असतं.

बायकांची मैत्री तेवढी याला थोडी अपवाद. शार्लट लुकस आणि एलिझाबेथ बेनेट जुन्या मैत्रिणी, त्या एकमेकींना शार्लट आणि एलायझा म्हणतात. पण तिथेही वेग बघितला जातो. 'नॉर्थँगर ॲबी'त इझाबेला थॉर्प आणि कॅथरीन मोरलंड यांची ओळख होऊन थोडेच दिवस झालेत, तोवर दोघी एकमेकींना पहिल्या नावानं बोलवायला लागतात. ऑस्टिन हे एका ओळीत नोंदवते आणि पुढे जाते. त्या काळच्या वाचकाला तेवढ्यात कळत असणार की ही मैत्री जरा जास्तच घाईत पिकली आहे.

'मिस बेनेट' म्हणजे नक्की कोण? जेन की एलिझाबेथ?

जेन. घरातली थोरली अविवाहित मुलगी 'मिस' आणि आडनाव एवढीच असते, धाकट्यांना मध्ये पहिलं नाव लावावं लागतं: मिस एलिझाबेथ बेनेट, मिस मेरी बेनेट. जेन त्या ठिकाणी हजर नसेल तर एलिझाबेथ तेवढ्यापुरती 'मिस बेनेट' होते, आणि नव्या वाचकाचा गोंधळ इथेच होतो. थोरलीचं लग्न झालं की ही जागा पुढच्या बहिणीकडे येते. बिंगलीची एक बहीण लुइझा लग्न होऊन मिसेस हर्स्ट झालेली आहे, म्हणून कॅरोलाइनला सगळे 'मिस बिंगली' म्हणतात.

भावांचंही तसंच. 'एमा'मध्ये थोरला भाऊ मिस्टर नाइटली, धाकटा मिस्टर जॉन नाइटली. 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये मेरी क्रॉफर्डला एडमंड आवडतो, पण थोरला भाऊ घरात असला की एडमंडला 'मिस्टर एडमंड बर्ट्रम' म्हणावं लागतं आणि त्या तीन शब्दांत धाकटेपणा, म्हणजे वारसा न मिळणं, तिला टोचत राहतं. त्याच घरात वाढलेल्या फॅनीला मात्र 'एडमंड' या नावातच मोठेपणा दिसतो. एका नावावरच्या या छोट्या गप्पांत दोन बायकांची दोन मनं उघडी पडतात.

आणि लिडिया बेनेट. सगळ्यांत धाकटी, सोळा वर्षांची, पळून जाऊन कसंबसं लग्न लागलेली. माहेरी येते तेव्हा जेवणघरात शिरताना ती जेनला सांगते की आता तुझी जागा माझी, तू मागे हो, कारण मी लग्न झालेली बाई आहे. 'मिसेस विकम' या दोन शब्दांनी चार थोरल्या बहिणींना ओलांडलं.

नुसतं 'डार्सी' म्हणणं हा अपमान की जवळीक?

कोण म्हणतंय त्यावर आहे. बिंगली म्हणाला तर जवळीक. दोघं मित्र आहेत, बरोबरीचे आहेत. ही सवय मुलांना शाळेतच लागायची. मोठ्या निवासी शाळांत पहिल्या नावाला जागाच नव्हती, आणि दोन भाऊ एकाच शाळेत असले तर आडनावापुढे लॅटिनमधलं 'मेजर' आणि 'मायनर' लागायचं, म्हणजे थोरला स्मिथ, धाकटा स्मिथ. 'जेन एअर'मधली लोवुड ही मुलींची धर्मादाय शाळा, पण तिथे मुलींनाही आडनावानं बोलावतात. जेनला पहिली मैत्रीण मिळते ती हेलन, पण वर्गात तिच्यावर ओरडणाऱ्या बाईंच्या तोंडी ती फक्त 'बर्न्स' असते. इतरत्र मुलांना बोलावतात तसं इथे मुलींना बोलावतात, असं जेन मुद्दाम सांगते. मुलीला आडनावानं पुकारणं त्या काळच्या कानाला किती रुक्ष वाटत असेल, ते त्या एका वाक्यातून समजतं.

होम्स आणि वॉटसन हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. 1887 साली पहिली कादंबरी आली, पुढे कितीतरी कथा झाल्या, एका घरात राहणं झालं, जिवावरचे प्रसंग झाले, तरी ते एकमेकांना होम्स आणि वॉटसनच म्हणतात. त्यात परकेपणा शोधू नये. होम्सचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट त्याला 'शेरलॉक' म्हणतो, कारण भाऊच तो, दोघेही होम्स! वॉटसनचं नाव जॉन. ते इतकं क्वचित येतं की एका कथेत त्याची बायकोच त्याला 'जेम्स' म्हणून गेली आहे. लेखकाच्या हातून ते राहून गेलं असावं, आणि वाचक आजही त्यावर वाद घालतात.

आपल्याला हे अवघड जाऊ नये. होस्टेलवर 'काय रे जोश्या', 'ए पाटल्या' म्हणणारी मुलं पुढे चाळीस वर्षं एकमेकांना तसंच म्हणतात, आणि त्यातल्या कुणी एकदम 'अनंतराव' म्हटलं तर काहीतरी बिनसलंय असं समजायचं.

पण बाईनं पुरुषाला नुसत्या आडनावानं पुकारणं ही निराळीच गोष्ट. 'एमा'मध्ये मिसेस एल्टन गावात नवी आलेली. एमाशी तिची ही अगदी सुरुवातीची भेट, आणि बोलता बोलता ती मिस्टर नाइटलींना 'नाइटली' म्हणते. ती निघून गेल्यावर एमाचा संताप अनावर होतो. ज्या माणसाला या बाईनं आजवर कधी पाहिलंही नव्हतं त्याला 'नाइटली'? एमा तो शब्द पुन्हा पुन्हा उच्चारते, जणू तोंडातला खडा. आपल्याकडे नवी सून आल्या दिवशी गावच्या पाटलांना 'काय रे' म्हणाली असती तर जे झालं असतं, ते इथे झालं आहे. आणि ऑस्टिनची कमाल अशी की एमाच्या या रागात तिचं स्वतःचं नाइटलींवरचं प्रेम दडलेलं आहे, आणि ते तिला अजून कितीतरी पानं कळायचं नाही.

मग पहिलं नाव कधी घेतात?

घरात, लहानपणापासूनच्या ओळखीत, आणि लग्न ठरल्यावर. तिसरं फार महत्त्वाचं. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'त विलबी मेरियनशी हळू आवाजात बोलत असतो, मेरियनची थोरली बहीण एलिनोर हिच्या कानावर पडतं की तो तिला नुसतं 'मेरियन' म्हणतोय, आणि एलिनोर त्याच क्षणी धरून चालते की यांचं लग्न ठरलेलं आहे. तिला दुसरा पुरावा लागत नाही. पुढे विलबी दगा देतो तेव्हा लक्षात येतं की वचन न देता त्यानं वचनाचा शब्द तेवढा वापरला. आजच्या वाचकाच्या डोळ्यांखालून ते वाक्य सहज निसटतं, म्हणून मी वर्गात तिथे थांबते.

नाइटली एमाला पहिल्यापासून 'एमा' म्हणतात, कारण तिच्या जन्मापासून ते तिला ओळखतात. लग्न ठरल्यावर ते विचारतात, आता तरी मला जॉर्ज म्हणशील का? ती म्हणते, छे, मला तुम्हाला 'मिस्टर नाइटली'शिवाय काही म्हणताच येणार नाही. दहा वर्षांपूर्वी एकदा त्यांना चिडवायला म्हणून ती 'जॉर्ज' म्हणाली होती, ते चिडले नाहीत म्हणून पुन्हा म्हणाली नाही. शेवटी ती एक वचन देते: एकदा नक्की म्हणेन, कधी ते सांगत नाही, पण कुठे ते तुम्ही ओळखाल. म्हणजे चर्चमध्ये, लग्न लागताना, जिथे नाव घ्यावंच लागतं. उखाणा घेताना पहिल्यांदा नवऱ्याचं नाव ओठांवर आणणाऱ्या आपल्या आज्यांना हा प्रसंग कुणी समजावून सांगावा लागला नसता.

मिसेस बेनेटही तेवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला 'मिस्टर बेनेट'च म्हणते. त्या दोघांची पहिली नावं कादंबरीभर कुठेच येत नाहीत.

लग्नानंतर बाईचं आडनाव बदलायचं, एवढंच ना?

नाव त्याहून जास्त गिळून टाकलं जायचं. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'तली जॉन डॅशवुडची बायको फॅनी ही जगासाठी 'मिसेस जॉन डॅशवुड' असते. आडनावच काय, पहिलं नावही नवऱ्याचं. आणि ही फक्त रीत नव्हती, तिच्यामागे कायदा उभा होता. लग्न झाल्यावर बाईची जंगम मालमत्ता आणि तिची कमाई नवऱ्याची व्हायची. 1870 च्या कायद्यानं स्वतःची कमाई तिच्याकडे राहू लागली आणि 1882 च्या कायद्यानं तिची स्वतंत्र मालमत्ता मान्य झाली. त्याआधीच्या कादंबऱ्या वाचताना 'मिसेस अमुक' हे शब्द दिसले की हे मनात ठेवावं.

शार्लट ब्रॉन्टीनं हे ज्या तऱ्हेनं दाखवलंय तसं मला दुसरीकडे कुठे आढळलं नाही. जेन एअरचं रॉचेस्टरशी लग्न उद्यावर आलंय. ट्रंका भरून, कुलपं लावून, दोर बांधून भिंतीशी रांगेत उभ्या आहेत. फक्त पत्त्याच्या चिठ्ठ्या ठोकायच्या राहिल्यात. चार छोटे चौकोनी तुकडे, खणात पडलेले. प्रत्येकावर रॉचेस्टरनं स्वतःच्या हातानं लिहिलंय: मिसेस रॉचेस्टर, लंडनमधलं हॉटेल. जेनचा हात उठत नाही. ती स्वतः ठोकत नाही, दुसऱ्या कुणाला ठोकू देत नाही. मिसेस रॉचेस्टर नावाची बाई अजून अस्तित्वातच नाही, ती उद्या सकाळी आठनंतर जन्माला येईल, आणि ती जिवंत जन्मली याची खात्री झाल्यावरच मी तिला हे सामान देईन, असं ती म्हणते. वाचणाऱ्याला अजून माहीत नसतं की एक मिसेस रॉचेस्टर, त्याची पहिली बायको, अस्तित्वात आहे, वरच्या मजल्यावर, कुलूपबंद. दुसऱ्यांदा वाचताना त्या चार चिठ्ठ्यांनी अंगावर काटा येतो.

पुढे जेन पळून जाते आणि 'जेन एलियट' हे खोटं नाव सांगून राहते. तिचं खरं नाव उघड होतं ते चित्राच्या कागदावरून फाडलेल्या एका तुकड्यामुळे, ज्यावर नकळत तिनंच 'जेन एअर' लिहून ठेवलेलं असतं. त्या नावाबरोबर तिला वीस हजार पौंडांचा वारसा मिळतो, आणि रक्ताची माणसंही.

'वदरिंग हाइट्स'मधल्या खिडकीवरच्या नावांचा अर्थ काय?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. हीथक्लिफचा नवा भाडेकरू लॉकवुड वादळात अडकून वदरिंग हाइट्समध्ये रात्र काढतो. जुन्या लाकडी पेटीसारखा पलंग, आतच खिडकी, आणि खिडकीच्या कठड्यावर रंग खरवडून लिहिलेली नावं, लहान-मोठ्या अक्षरांत, सगळीकडे: कॅथरीन अर्नशॉ, मधूनच कॅथरीन हीथक्लिफ, पुन्हा कॅथरीन लिंटन. तिसऱ्याच प्रकरणात एमिली ब्रॉन्टीनं अख्खी कादंबरी त्या फळीवर मांडून ठेवली आहे. कॅथरीन जन्मानं अर्नशॉ, मनानं हीथक्लिफ, लग्नानं लिंटन.

पण गंमत याच्यापुढे आहे. तिची मुलगी, तीही कॅथरीन. ती जन्मानं लिंटन. तिचं लग्न जबरदस्तीनं हीथक्लिफच्या मुलाशी लावलं जातं, म्हणून हीथक्लिफ. तो मरतो, आणि पुस्तक संपताना नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तिचं हेअरटन अर्नशॉशी लग्न व्हायचं असतं. लिंटन, हीथक्लिफ, अर्नशॉ. आईनं खरवडलेली ओळ मुलगी उलटी जगली. घराच्या दारावर 1500 हे साल आणि हेअरटन अर्नशॉ हेच नाव कोरलेलं आहे. म्हणजे घर फिरून मूळ नावाकडे आलं.

हीथक्लिफ हे नाव की आडनाव?

दोन्ही. रस्त्यावर सापडलेल्या त्या पोराला अर्नशॉंनी आपल्या वारलेल्या मुलाचं नाव दिलं, आणि तेच पुढे नाव आणि आडनाव म्हणून चाललं. आडनाव नसणं म्हणजे त्या जगात कुणाचाच नसणं. तो दोन घराणी गिळंकृत करतो, दोन्ही वाड्यांचा धनी होतो, स्वतःच्या मुलाला हे आडनाव देतो. पण मेल्यावर थडग्यावर काय लिहायचं हा प्रश्न पडतो, कारण आडनाव माहीत नाही, वयही माहीत नाही. दगडावर एकच शब्द येतो, हीथक्लिफ, आणि मृत्यूची तारीख.

पुरुषही आडनाव बदलत होते का?

हो, इस्टेटीसाठी. निपुत्रिक श्रीमंत नातेवाईक मुलगा वारस म्हणून घ्यायचे आणि अट घालायचे की आमचं आडनाव लाव. 'एमा'तला फ्रँक चर्चिल हा मिस्टर वेस्टनचा मुलगा, पण मामाकडे वाढला आणि सज्ञान झाल्यावर चर्चिल झाला. आपल्याला दत्तकविधान माहीत असल्यामुळे हे लगेच कळतं. ऑस्टिनच्या घरातच हे घडलं होतं: तिचा भाऊ एडवर्ड याला नाइट नावाच्या नात्यातल्या कुटुंबानं वारस केलं, आणि 1812 साली तो मुलाबाळांसकट ऑस्टिनचा नाइट झाला. त्याच्या थोरल्या मुलीनं, फॅनीनं, रोजनिशीत लिहिलं की आपले लाडके ऑस्टिन जाऊन आम्ही सगळे नाइट झालो, आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही.

हार्डीच्या 'टेस'मध्ये (1891) याची काळी बाजू आहे. संध्याकाळी घरी परतणाऱ्या जॉन डर्बिफील्ड या गरीब फेरीवाल्याला वाटेत भेटलेला पाद्री 'गुड नाइट, सर जॉन' म्हणतो, आणि खुलासा करतो की तू अकराव्या शतकात इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांबरोबर आलेल्या डर्बरव्हिल घराण्याचा वंशज आहेस. डर्बरव्हिलचंच झिजून डर्बिफील्ड झालं. या एका माहितीनं त्या कुटुंबाचं वाटोळं होतं. टेसला ज्या श्रीमंत डर्बरव्हिलांकडे नातं सांगायला पाठवतात, ते मुळात स्टोक. उत्तरेकडचा व्यापारी, पैसा झाल्यावर दक्षिणेत आला आणि ब्रिटिश म्युझियममध्ये बसून नामशेष घराण्यांच्या पुस्तकांतून एक भारदस्त आडनाव निवडून लावलं. खऱ्या वंशजाकडे नाव झिजलेलं आणि खिसा रिकामा, खोट्याकडे दोन्ही चकचकीत. हार्डीला ही कल्पना डॉर्सेटमधल्या टर्बरव्हिल या खऱ्या घराण्यावरून मिळाली, त्यांची थडगी बेअर रेजिसच्या चर्चमध्ये आहेत. कादंबरीत बेघर झालेलं टेसचं कुटुंब आपली खाट त्याच पूर्वजांच्या थडग्यांशेजारी, चर्चच्या भिंतीला लागून उभी करतं.

आडनावावरून माणूस 'कुठला' ते कळायचं का?

बरंचसं. आपल्याकडे 'आडनाव काय?' हा प्रश्न कशासाठी विचारतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये तो विचारावा लागत नसे, कारण ओळख करून देतानाच आडनाव पुढे यायचं. 'फिट्झ' म्हणजे नॉर्मन फ्रेंचमधलं 'अमक्याचा मुलगा', आणि 'द बर्ग' किंवा डार्सी यांतून नॉर्मन घराण्याचा वास येतो. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, कूपर म्हणजे लाकडी पिंपं करणारा. वेस्टन, एल्टन, नाइटली ही गावावरून आलेली, आपल्या 'कर'सारखी.

'पर्स्वेजन'मधले सर वॉल्टर एलियट हा सगळा हिशोब तोंडपाठ असलेले गृहस्थ. वेंटवर्थ हे नाव ऐकल्याबरोबर ते म्हणतात, तो वेंटवर्थ कुणीच नव्हे, स्ट्रॅफर्ड घराण्याशी त्याचा संबंध नाही, मोठ्या लोकांची नावं अशी कुणीही कशी लावतं! आणि आपली मुलगी ॲन आजारी मैत्रिणीला भेटायला जाते तेव्हा त्यांना खटकतं ते त्या बाईचं आडनाव. स्मिथ! जगातल्या सगळ्या नावांतलं नेमकं हेच?

डार्सीचं पहिलं नावच आडनावासारखं का?

कारण ते आडनावच आहे, त्याच्या आईचं. लेडी ॲन डार्सी माहेरची फिट्झविल्यम, म्हणून त्याचा मामेभाऊ कर्नल फिट्झविल्यम. आईचं मोठं घराणं मुलाच्या नावात जपायची ही रीत होती. एडवर्ड फेअरफॅक्स रॉचेस्टरमधलं मधलं नाव तसंच, आणि हीथक्लिफच्या मुलाचं 'लिंटन' हे तर बायकोचं आडनाव. डार्सीचं पूर्ण नाव आपण वाचतो ते त्यानं एलिझाबेथला दिलेल्या लांबलचक पत्राच्या शेवटी, सहीत. ती त्याला त्या नावानं पुस्तकात कधीच हाक मारत नाही.

नोकरांना काय म्हणत?

खालच्या नोकरांना पहिल्या नावानं, वरच्यांना आडनावानं. लेडी कॅथरीनची खास दासी 'डॉसन'. घर सांभाळणाऱ्या मुख्य बाईला मानानं 'मिसेस' लागायचं, लग्न झालेलं असो वा नसो. 'वदरिंग हाइट्स'ची सगळी गोष्ट सांगणारी नेली डीन अविवाहित आहे, तरी लॉकवुड तिला 'मिसेस डीन' म्हणतो. बेनेटांच्या घरी मालकीण 'हिल' म्हणते आणि लेखिका निवेदनात त्याच बाईला 'मिसेस हिल' म्हणते. मला ऑस्टिनचं हे फार भावतं.

लेडी कॅथरीन आणि लेडी लुकस यांत फरक काय?

लेडी लुकस ही सर विल्यम लुकस यांची बायको, तिचं 'लेडी' नवऱ्यामुळे, म्हणून पुढे आडनाव. लेडी कॅथरीन अर्लची, म्हणजे मोठ्या उमरावाची मुलगी, तिचं 'लेडी' जन्मानं, म्हणून पुढे स्वतःचं नाव, आणि ते लग्नानंतरही जात नाही. 'सर'पुढे मात्र नेहमी पहिलं नाव. सर लुकस असं कधीच होत नाही.

उमराव झाला की आडनाव बाजूला पडून पदवीच नाव व्हायची. 23 सप्टेंबर 1803 ला असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा असलेला आर्थर वेलस्ली 1809 साली वेलिंग्टन झाला, आणि त्यानंतरच्या इंग्रजी पुस्तकांत तो वेलिंग्टन म्हणूनच येतो. जालना जिल्ह्यातल्या माझ्या विद्यार्थ्यांना ही दोन नावं एकाच माणसाची हे सांगितलं की ते चमकून बघतात.

'मिस्टर बी' किंवा नावाऐवजी नुसती आडवी रेघ का असते?

हे खऱ्या माणसाबद्दल आहे, नाव लपवलंय, असा आभास करायला. 1740 च्या 'पॅमेला' या कादंबरीत नायिकेच्या मालकाचं नाव शेवटपर्यंत 'मिस्टर बी' एवढंच आहे.

डिकन्सची विचित्र आडनावं खरी आहेत का?

बहुतेक घडवलेली. नाटकांत स्वभावावरून नाव ठेवायची जुनी परंपरा होती, डिकन्सनं तिचा आवाज वाढवला. पण 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये त्यानं नाव कसं घडतं तेच दाखवलंय. गरिबांची व्यवस्था बघणारा पॅरिशचा अधिकारी मिस्टर बंबल अभिमानानं सांगतो की सापडलेल्या पोरांना मी अक्षरांच्या क्रमानं आडनावं देतो. आधीचा 'एस'चा, त्याला स्वबल केलं. हा 'टी'चा, ट्विस्ट. पुढचा येईल तो अनविन, त्याच्या पुढचा व्हिल्किन्स. येणाऱ्या पोराचं आडनाव पोर सापडण्याआधीच तयार आहे.

मराठीत अनुवाद करताना हे कसं आणावं?

'मिस्टर', 'मिस', 'मिसेस' तसेच ठेवावेत. 'श्री. डार्सी' म्हटलं की लग्नपत्रिका वाटते आणि 'डार्सीसाहेब' म्हटलं की तो मामलेदार होतो. जे इंग्रजीला करता येत नाही ते मराठीनं करावं: तू आणि तुम्ही. मात्र ते नावांच्या मागोमाग चालवावं, आपल्या मनानं नाही. नाइटली एमाला 'तू' म्हणतील, एमा त्यांना लग्न ठरल्यावरही 'तुम्ही'च म्हणेल. रॉचेस्टर जेनला 'मिस एअर'वरून 'जेन'वर येतो तिथे त्याचं 'तुम्ही' सुटावं, तिचं नाही. मागणी घालताना तो विनवतो, 'एडवर्ड म्हण, मला माझं नाव दे', आणि तरी ती पुढे कितीतरी काळ त्याला 'सर' म्हणत राहते.

एलिझाबेथ गॅस्केलच्या 'नॉर्थ अँड साउथ'चा शेवट करताना अनुवादकाची खरी परीक्षा आहे. गिरणीमालक थॉर्नटन आणि मार्गारेट हेल, सगळी कादंबरी 'मिस्टर थॉर्नटन' आणि 'मिस हेल'. शेवटच्या पानांत ती त्याची बुडालेली गिरणी वाचवायला स्वतःचे पैसे देऊ करते, कागद शोधताना तिचे हात थरथरत असतात.  तो घोगऱ्या, कंप पावणाऱ्या आवाजात म्हणतो, 'मार्गारेट!' ती मान खाली घालते, चेहरा हातांत लपवते. तो जवळ येऊन पुन्हा तेच नाव घेतो. तिथवर अनुवादात त्याच्या तोंडी एकही 'तू' आलेला नसावा.